पहिला डिजिटल बॅज देताना: वर्गाबाहेरच्या शिकण्याची नोंद कशी ठेवावी

कोणी व्हिडिओ पाहत पाहत प्रोग्रॅमिंग शिकतं, कोणी स्वयंसेवकांच्या गटात राहून मजकुराचं संपादन शिकतं, कोणी अभ्यासगटात महिनोन्‌महिने बसून संख्याशास्त्र पचवतं. काम येतं, पण कुणी विचारलं तर पुढे करायला कागद नसतो. हातच्या काकणाला आरसा लागत नाही हे खरं, पण अर्ज वाचणाऱ्या माणसाला तुमचा हात दिसतच नसतो. अशा शिकण्याची नोंद ठेवायला आणि ती दुसऱ्याला तपासता यायला डिजिटल बॅज उपयोगी पडतात.

हा लेख मुख्यतः बॅज देऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. अभ्यासगट चालवणारे, ग्रंथालयात उपक्रम घेणारे, स्वयंसेवी प्रकल्पांचे समन्वयक, मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करणारे. मिळवणाऱ्यांसाठीही शेवटाकडे थोडं लिहिलं आहे. बॅज करायचा म्हटलं की बहुतेक लोक पहिल्यांदा चित्र काढायला बसतात. रंग कुठला, कडा गोल की षट्कोनी, यावर दोन बैठका होतात आणि तो कशासाठी द्यायचा हे एका ओळीत उरकलं जातं. या लेखातला क्रम नेमका उलटा आहे. चित्र सगळ्यात शेवटी.

बॅजच्या पोटात काय असतं

दिसायला ते एक छोटं चित्र असतं, पण त्या चित्राच्या फाइलीतच माहिती भरलेली असते: बॅज कोणी दिला, कोणाला, कधी, कशाबद्दल, त्यासाठी काय करावं लागलं आणि ते केल्याचा पुरावा कुठे पाहता येईल. ही माहिती संगणकाला वाचता येईल अशा ठरलेल्या साच्यात लिहितात. त्या साच्याला ओपन बॅजेस हे मानक म्हणतात. पीएनजी किंवा एसव्हीजी प्रकारच्या चित्रात ही माहिती भरण्याला या कामातले लोक ‘बेकिंग’ म्हणतात.

फायरफॉक्स ब्राउझरमागच्या मोझिला फाउंडेशनने मॅकआर्थर फाउंडेशनच्या मदतीने २०११ मध्ये हे काम जाहीर केलं आणि २०१३ मध्ये मानकाची पहिली आवृत्ती आली. २०१७ पासून त्याची जबाबदारी आयएमएस ग्लोबल या संस्थेकडे गेली. तिचंच नाव २०२२ पासून वनएडटेक आहे. मानक खुलं असल्यामुळे एका सेवेवर मिळालेला बॅज दुसरीकडे नेता येतो. एखाद्या अ‍ॅपमध्ये मिळणारे तारे आणि ढाली तिथेच अडकून राहतात. ओपन बॅज तसा अडकू नये, हाच या सगळ्या खटाटोपाचा हेतू होता.

पुढे कुठलीही सेवा वापरलीत तरी एक भेद समजून ठेवा. बॅजची व्याख्या वेगळी आणि एखाद्या व्यक्तीला दिलेला बॅज वेगळा. व्याख्या एकदाच लिहायची असते: नाव, वर्णन, निकष, चित्र. मानकाच्या दुसऱ्या आवृत्तीत तिला ‘बॅजक्लास’ म्हणतात, तिसऱ्या आवृत्तीत ‘अचीव्हमेंट’. व्यक्तीला देताना त्या व्याख्येशी जोडलेली नवी नोंद होते. तिच्यात तारीख, त्या व्यक्तीची ओळख आणि तिचा स्वतःचा पुरावा असतो. दुसऱ्या आवृत्तीत ही नोंद म्हणजे ‘असर्शन’. सेवांच्या पडद्यांवर हे शब्द विखुरलेले दिसतात आणि नवखा माणूस तिथेच गोंधळतो.

पहिली पायरी: बॅज पाहणार कोण?

बॅज मिळवणारा माणूस तो कोणाला दाखवणार आहे? नोकरी देणाऱ्याला, पुढच्या प्रकल्पाच्या समन्वयकाला, प्रवेश समितीला, की फक्त गटातल्या सोबत्यांना? उत्तरानुसार बॅजची बांधणी बदलते. नोकरी देणाऱ्याला थोड्या वेळात कळावं लागतं की या माणसाला काय करता येतं. गटातल्या सोबत्यांना तेवढा खुलासा नको असतो, त्यांनी काम डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

शक्य असेल तर अशा एखाद्या माणसाशी आधीच बोला. त्याला विचारा, ‘अमुक काम येतं असं कुणी सांगितलं, तर विश्वास बसायला तुम्हाला काय पाहावं लागेल?’ तो जे सांगेल ते जवळजवळ तयार निकषच असतात. आणि पाहणारं कुणीच नजरेसमोर येत नसेल, तर बॅज कशाला? आभाराचं पत्र लिहा. त्यात मायाही जास्त असते.

दुसरी पायरी: एकच गोष्ट निवडा

बॅज लहान असावा. अख्ख्या अभ्यासक्रमाला एक बॅज दिला तर त्याचं प्रमाणपत्र होतं, फक्त गोल आकाराचं. वेगळी करून दाखवता येईल अशी एक कृती निवडा.

पुढच्या पायऱ्या समजाव्यात म्हणून एक उदाहरण सोबत घेऊ. ओपनस्ट्रीटमॅप हा जगभरच्या स्वयंसेवकांनी भरलेला खुला नकाशा आहे, २००४ पासून चालू. समजा तुमचा गट नवख्यांना हा नकाशा संपादायला शिकवतो. इथे शिकण्यासारखं पुष्कळ असतं: उपग्रह छायाचित्र पाहून इमारतींची बाह्यरेषा काढणं, रस्त्यांना योग्य टॅग लावणं, जागेवर जाऊन माहिती गोळा करणं, दुसऱ्यांचं काम तपासणं. ही चार वेगवेगळी कौशल्यं आहेत. पहिल्या बॅजसाठी यातलं एकच घ्या. आपण इमारतींची बाह्यरेषा काढणं घेऊ.

हजेरीचे बॅज काढायचा मोह होतो. कार्यशाळेला आला, बॅज. वेबिनार ऐकला, बॅज. असे बॅज देऊ नयेत असं नाही, आठवण म्हणून ते ठीक आहेत. पण त्यांचं नाव आणि रूप कौशल्याच्या बॅजहून ठळकपणे वेगळं ठेवा. हजेरी आणि हातोटी एकाच रंगात रंगवली की पाहणारा दोन्हींना हजेरीच समजतो.

तिसरी पायरी: निकष लिहा

खरी मेहनत इथे आहे. ही पायरी नीट झाली तर बाकीचं काम एका दुपारचं.

वाईट निकष असा असतो: ‘सहभागींना नकाशा संपादनाची मूलभूत माहिती झाली.’ यावरून कुणाला काहीच कळत नाही. मूलभूत म्हणजे किती? माहिती झाली हे ठरवलं कोणी? आता हा पाहा:

‘उपग्रह छायाचित्रावरून किमान ३० इमारतींच्या बाह्यरेषा काढल्या. प्रत्येक चेंजसेटसोबत काय केलं हे सांगणारी नोंद आणि वापरलेला स्रोत लिहिला. दोन अनुभवी मॅपरांनी काम तपासलं. त्यांनी दाखवलेल्या त्रुटी स्वतः दुरुस्त केल्या.’

(मॅपर म्हणजे नकाशा भरणारा, आणि चेंजसेट म्हणजे त्याने एका वेळी जतन केलेल्या बदलांचा गठ्ठा.) हे कुणालाही समजतं, तपासता येतं, आणि शिकणाऱ्यालाही आपण कुठवर आलो हे पाहता येतं. ३० हा आकडा काही पवित्र नाही. तुमच्या अनुभवावरून ठरवा: किती इमारती काढल्यावर नवख्याचा हात बसतो, रेषा छपरावरून न काढता जमिनीवरच्या पायावरून काढायची हे अंगवळणी पडतं? कलत्या छायाचित्रात उंच इमारतीचं छप्पर बाजूला सरकलेलं दिसतं आणि नवखे हमखास तिथे फसतात. असे बारकावे निकषात घालता आले तर घाला. निकष लिहिणाऱ्याने ते काम स्वतः केलं आहे की नाही, हे असल्याच तपशिलांवरून ओळखू येतं.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा: ‘त्रुटी स्वतः दुरुस्त केल्या.’ चारपैकी एकच ठेवायचं झालं तर मी हे ठेवेन. पहिल्याच फटक्यात बरोबर करणाऱ्याला कदाचित ते आधीपासूनच येत असेल. चुकलेलं कळून पुन्हा केलं, तेव्हा शिकणं झालं याची खात्री होते.

भाषा साधी ठेवा. ‘आकलन’, ‘जाणीव’, ‘परिचय’ हे शब्द निकषात आले की थांबा आणि विचारा, हे मला दिसणार कसं? काढलं, लिहिलं, तपासलं, समजावून सांगितलं, दुरुस्त केलं अशी क्रियापदं वापरा. ती पाहता येतात.

निकष एकट्याने लिहू नका. ज्यांना बॅज मिळणार आहे अशा दोघा-तिघांना कच्चा मसुदा वाचायला द्या आणि ‘यावरून काय करायचं हे कळलं का?’ एवढंच विचारा. अनौपचारिक शिकण्यात शिकणाऱ्यांना आपल्याला काय आलं याची जाण चांगली असते. पुष्कळदा ते अशी गोष्ट सुचवतात जी आयोजकाच्या ध्यानातच नसते. एखादी व्यक्ती म्हणेल, ‘मला जे सगळ्यात जड गेलं ते रेषा काढणं नव्हतं, अनोळखी माणसाने चूक दाखवल्यावर शांतपणे उत्तर लिहिणं होतं.’ त्यावर वेगळा बॅज होऊ शकतो.

चौथी पायरी: पुरावा कुठला आणि तपासणार कोण?

मानकात पुराव्यासाठी वेगळी जागा आहे, पण ती भरणं सक्तीचं नाही. म्हणून कित्येक बॅज तिथे कोरेच असतात. तुमचे तसे ठेवू नका. बॅजला वजन येतं ते इथेच.

पुरावा म्हणजे शक्यतो कामाकडे नेणारा दुवा. ओपनस्ट्रीटमॅपवर प्रत्येक चेंजसेटला क्रमांक असतो आणि त्याचं पान कुणालाही उघडता येतं, म्हणून आपलं उदाहरण सोपं आहे. विकिपीडियाच्या लेखाचा इतिहास, गिटहबवरचा कोड, चारचौघांत दिलेल्या भाषणाची ध्वनिफीत हेही चालतं. काही कौशल्यांचा असा माग राहत नाही. चर्चा नीट चालवणं, घाबरलेल्या माणसाला शांत करणं, नवख्याला धीर देणं. तिथे पाहणाऱ्याने लिहिलेला छोटा परिच्छेद हाच पुरावा: केव्हा, कुठल्या प्रसंगी, काय केलं. सोबत स्वतः शिकणाऱ्याने लिहिलेले चार शब्द जोडले तर उत्तमच.

तपासण्याचे तीन मार्ग आहेत. एक, यंत्र तपासतं: चाचणी पूर्ण झाली की बॅज आपोआप मिळतो. दोन, जाणकार तपासतो. तीन, बरोबरीचे सोबती एकमेकांचं तपासतात. पहिला स्वस्त आणि वेगवान आहे, पण यंत्राला मोजता येतं तेवढंच त्यात मोजलं जातं. दुसरा भरवशाचा, पण तपासणारा माणूस एकच असेल तर महिनाभरात त्याच्यापुढे ढीग साचतो. खुल्या शिकण्याला तिसरा सगळ्यात शोभतो. पीअर टू पीअर युनिव्हर्सिटी या २००९ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमाचा पायाच हा होता की शिकणारे एकमेकांकडून शिकतात, आणि ओपन बॅजेसच्या सुरुवातीच्या कामात मोझिलासोबत तोही होता. सोबत्यांकडून तपासून घेणार असाल तर एक नियम घाला: ज्याला तो बॅज आधी मिळाला आहे त्यानेच पुढच्याचं काम तपासावं. असं केलं की तपासणारेही आपोआप वाढत जातात.

खासगीपणाचा प्रश्न इथेच सोडवून घ्या, पुढच्यासाठी ठेवू नका. आपल्या उदाहरणातल्या मॅपरचं नकाशावरचं नाव बहुधा टोपणनाव असतं. बॅजवर त्याचं खरं नाव आणि चेंजसेटचा दुवा शेजारी शेजारी आले की त्याची सगळी संपादनं त्याच्या नावाशी जोडली जातात. लोक पुष्कळदा आपल्या घराच्या आसपासचाच नकाशा भरतात. म्हणजे नकळत तुम्ही त्याचा राहता भाग जाहीर केलात. म्हणून पुरावा उघड ठेवायचा की नाही हे मिळवणाऱ्याला ठरवू द्या, आणि अठरा वर्षांखालच्यांच्या बाबतीत पालकांची संमती घेतल्याशिवाय काहीही उघड करू नका.

पाचवी पायरी: नाव आणि (एकदाचं) चित्र

नावात काम दिसावं, पदवी नको. ‘नकाशातज्ज्ञ’ वाचून जाणकार हसतात. ‘इमारत रेखाटन: उपग्रह छायाचित्रावरून’ हे लांब आहे, रुक्ष आहे आणि खरं आहे.

चित्र चौरस चौकटीत बसणारं काढा, पीएनजी किंवा एसव्हीजी. ते बोटाच्या नखाएवढं झाल्यावरही ओळखू यायला हवं, म्हणून त्यात वाक्यं लिहू नका. गट, नाव, तारीख ही माहिती आत आहेच. दुसऱ्याचं बोधचिन्ह परवानगीशिवाय वापरू नका. बस, चित्राबद्दल एवढं पुरे.

सहावी पायरी: सेवा निवडणं

तुमचा अभ्यासक्रम मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या खुल्या प्रणालीवर असेल तर वेगळं काही शोधू नका. २०१३ मधल्या २.५ या आवृत्तीपासून मूडलमध्ये बॅजची सोय आहे. विशिष्ट कृती पूर्ण झाल्यावर आपोआप, किंवा शिक्षकाने हाताने, दोन्ही प्रकारे बॅज देता येतो. एक ध्यानात ठेवा: तिथे एकदा कुणाला बॅज दिला की त्याचे निकष बदलता येत नाहीत. हे बंधन योग्यच आहे, कारण आधी मिळालेल्या बॅजचा अर्थ मागून बदलणं ही फसवणूक होते.

मूडल नसेल तर केवळ बॅजसाठी असलेल्या सेवा आहेत. ओपन बॅज फॅक्टरी, पार्चमेंट डिजिटल बॅजेस (आधीचं कॅनव्हास क्रेडेन्शियल्स), क्रेडली ही त्यांतली ओळखीची नावं. दर आणि सवलती बदलत राहतात, म्हणून त्यांच्या पानांवर जाऊनच पाहा. निवडताना झगमगाटाकडे न बघता तीन प्रश्न विचारा. मिळवणाऱ्याला त्याचा बॅज फाइलीच्या रूपात उतरवून घेता येतो का? तो दुसऱ्या सेवेवर नेता येतो का? आणि आपण पैसे भरणं थांबवलं, तर आधी दिलेल्या बॅजची पडताळणी चालू राहते का?

तिसरा प्रश्न अवघड वाटला तरी विचाराच. मोझिलाने मिळालेले बॅज साठवायला ‘बॅकपॅक’ नावाची सेवा काढली होती. पुढे ती बंद करून त्यातले बॅज बॅजर या सेवेकडे नेण्याची सोय केली. बॅजर चालवणारी कंपनी २०२२ मध्ये कॅनव्हास ही शिक्षणप्रणाली बनवणाऱ्या इन्स्ट्रक्चर कंपनीने घेतली आणि त्या सेवेचं नाव कॅनव्हास क्रेडेन्शियल्स झालं. क्रेडलीही त्याच वर्षी पिअर्सन या शैक्षणिक प्रकाशन कंपनीकडे गेली. म्हणजे आज निवडलेली सेवा दहा वर्षांनी त्याच नावाने, त्याच मालकाकडे असेल असं धरून चालू नका.

तांत्रिक बाजूने यावर थोडा उतारा निघाला आहे. जुन्या पद्धतीत पडताळणी बहुधा देणाऱ्याच्या सर्व्हरवर अवलंबून असे: बॅजमधला पत्ता उघडायचा आणि नोंद जुळते का पाहायचं. सर्व्हर बंद पडला की बॅज उरतो नुसतं चित्र. मानकाची तिसरी आवृत्ती २०२४ मध्ये आली. ती डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ‘व्हेरिफायेबल क्रेडेन्शियल्स’ या पद्धतीवर उभी आहे. तिच्यात नोंदीवरच डिजिटल सही असते, त्यामुळे मजकुरात कुणी फेरफार केला तर तो पकडला जातो आणि मूळ सर्व्हरवरची भिस्त कमी होते. नवी सुरुवात करत असाल तर सेवा तिसरी आवृत्ती देते का, हे पाहून घ्या. मात्र पहिल्या बॅजसाठी एवढ्यावरून अडून बसू नका.

सातवी पायरी: देणं

पहिल्यांदा ओळखीच्या, लहान गटाला द्या. बॅज बहुधा ईमेलच्या पत्त्याला बांधलेला असतो. त्यामुळे बॅजचं पत्र स्पॅममध्ये जातं, कुणी दोन पत्ते वापरत असतं, कुणाचा पत्ता कार्यालयाचा असतो आणि नोकरी सुटली की तोही जातो. म्हणून नोंदणीच्या वेळीच सांगा: कायम राहील असा स्वतःचा पत्ता द्या. पत्ता बॅजमध्ये उघडा लिहिण्याऐवजी त्याचं सांकेतिक रूप ठेवण्याची सोय मानकात आहे. बहुतेक सेवा ती आपणहून वापरतात, तरी चाचणीचा एक बॅज स्वतःलाच देऊन पान कसं दिसतं ते बघा.

बॅजसोबत दोन ओळी हाताने लिहा. ‘तुमच्या तिसऱ्या चेंजसेटनंतर रेषा एकदम नीट यायला लागल्या’ असं वाक्य यंत्राच्या पत्रात नसतं, आणि लोक बॅजपेक्षा तेच जास्त जपतात.

मुदतीचं काय? ज्या कौशल्याला गंज चढतो किंवा ज्याचे नियम बदलतात, त्याला मुदत घाला. प्रथमोपचाराला हवीच. इमारती काढण्याला नको. बॅज रद्द करण्याचीही सोय असते. चोरून केलेलं काम उघडकीला आलं तर ती लागते, पण कधी रद्द करू हे आधीच लिहून जाहीर केलेलं बरं. ऐन वेळी नियम काढला की भांडणं होतात.

मिळवणाऱ्यांसाठी

बॅजचं पत्र आलं की तो स्वीकारा आणि फाइल उतरवून स्वतःजवळ ठेवा. पडद्याचा फोटो म्हणजे बॅज नव्हे, त्यात आतली माहिती येत नाही. मेसेजिंग अ‍ॅपवर चित्र म्हणून पाठवलं तरी हीच गत होते: अ‍ॅप चित्र दाबून लहान करतं आणि माहिती गळून जाते. कुणाला दाखवायचा असेल तर बॅजच्या पानाचा दुवा पाठवा. लिंक्डइनवर परवाने आणि प्रमाणपत्रांच्या भागात हा दुवा देता येतो.

अर्ज करताना सगळे बॅज ओळीने मांडू नका. त्या कामाशी संबंध असलेले दोन-तीन निवडा आणि प्रत्येकापुढे एक वाक्य लिहा: हा मिळवताना मी काय केलं. पाहणारा दुवा उघडेलच असं नाही, वाक्य मात्र वाचेल.

दुसऱ्याचा बॅज तपासायची वेळ आली तर चार गोष्टी बघा. देणारा कोण आहे, निकष काय आहेत, पुरावा आहे का, आणि बॅज त्याच माणसाला दिलेला आहे का. पडताळणीच्या पानावर हिरवी खूण दिसते तिचा अर्थ ‘हा बॅज खरोखर या संस्थेने दिला आहे’ एवढाच असतो. संस्था विश्वासाची आहे की नाही, हे ती खूण सांगत नाही. बॅज कुणालाही काढता येतो, त्यामुळे ही पारख तुमचीच.

बॅज कधी देऊ नये

बॅजविरुद्धचे आक्षेपही नवख्याला माहीत हवेत, कारण ते उगाच घेतलेले नाहीत. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. ज्यांना चित्रं काढायला मनापासून आवडतं अशी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर सोनेरी तारा आणि फीत लावलेलं बक्षीस मिळेल. काहींना काही न सांगता शेवटी ते दिलं. काहींना दिलंच नाही. पुढच्या दिवसांत, बक्षिसाचा विषयही नसताना, ज्यांना आधी आमिष दाखवलं होतं ती मुलं इतरांपेक्षा कमी वेळ चित्रं काढू लागली. अवचित बक्षीस मिळालेल्यांचा उत्साह मात्र घटला नाही.

एमआयटी मीडिया लॅबचे मिचेल रेझनिक यांनी बॅजविषयी हीच शंका घेतली होती. मुलांना प्रकल्पात रमवणं बाजूला राहील आणि बॅज गोळा करणं हाच उद्योग होऊन बसेल, अशी त्यांची धास्ती. मला त्यांचं म्हणणं पटतं, पण त्यावरून बॅज टाकून द्यावेत असं वाटत नाही. आपल्या हौशीने शिकणाऱ्याला बॅजची आशा दाखवून कामाला लावू नका. काम झाल्यावर, त्याला बाहेर दाखवायची गरज पडेल तेव्हा, द्या. निकष जाहीर असू द्यात, त्यांची जाहिरात नको.

आणि संख्या आवरा. पहिला बॅज जमला की आयोजकाच्या अंगात येतं: ‘पहिलं संपादन’, ‘दहावं संपादन’, ‘सलग सात दिवस’. ही खोगीरभरती. स्टॅक ओव्हरफ्लोसारख्या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळांवर कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा बॅजची रेलचेल आहे आणि तिथे ती शोभते, कारण ते बॅज तिथल्या वावरासाठीच आहेत. बाहेरच्याला दाखवायच्या बॅजना मात्र गर्दी मारते.

सोबत्यांनी दिलेली दाद

निकष आणि तपासणी याशिवायही दाद देता येते. विकिपीडियावर २००३ पासून ‘बार्नस्टार’ देण्याची रीत आहे. कुणाचं काम आवडलं की कुणीही त्याच्या चर्चापानावर तारा ठेवतं आणि खाली का ते लिहितं. ना समिती, ना मंजुरी. तरी जुने संपादक ते जपून ठेवतात, कारण दाद देणारा त्या कामातला असतो.

२०१६ च्या बोलोन्या ओपन रेकग्निशन डिक्लेरेशनमध्ये हाच सूर आहे: मान्यता देण्याचा हक्क मोठ्या संस्थांपुरता राहू नये, व्यक्ती आणि समुदाय यांनाही तो असावा. मानकाच्या दुसऱ्या आवृत्तीपासून ‘एन्डॉर्समेंट’ची सोय आली, म्हणजे एकाने दिलेल्या बॅजला दुसऱ्याने दुजोरा द्यायचा. छोट्या गटांना याचा चांगला उपयोग आहे. तुमच्या गटाचं नाव कुणी ऐकलेलं नसेल, पण ज्या संस्थेला तुमच्या मॅपरांच्या कामाचा फायदा झाला तिने दुजोरा दिला, तर बॅजचं पारडं जड होतं. मात्र ही सोय सगळ्या सेवांवर मिळत नाही, तेव्हा आधी विचारून घ्या.

सहा महिन्यांनी

बॅज मिळालेल्यांपैकी काही जणांना फोन करा. तो कुठे दाखवला? पाहणाऱ्याने काय विचारलं? बहुतेकांनी कुठेच दाखवला नसेल तर पहिल्या पायरीकडे परत जा, ज्याच्यासाठी बॅज बांधला तो माणूस चुकला आहे. पाहणारे वारंवार एकच प्रश्न विचारत असतील तर त्याचं उत्तर निकषात हवं होतं. मग नवी आवृत्ती काढा. नाव तेच ठेवून पुढे वर्ष लावा, आणि जुना बॅज नव्याने देणं बंद करा. त्याचं पान मात्र काढून टाकू नका. ज्यांना तो मिळाला, त्यांच्या अर्जांतले दुवे अजून त्याच पत्त्यावर येत असतात.